स्क्रूचा अर्धा फेरा

कर्जतला माझं स्कूटर-मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे डोक्यावर चार पत्रे, एक बाकडं आणि भिंतीला टांगलेले पाने. पण त्या चार पत्र्यांखाली माझ्या कानाचं फार कौतुक चालायचं. गाडी वळणावर असतानाच मी सांगायचो, हिची चेन ढिली आहे, हिचा प्लग मिसिंग करतोय. गावच्या भजनात मी मृदंग वाजवायचो. डाव्या तोंडाला कणीक किती चढवली की तो नीट घुमेल, हे माझ्या बोटांना डोक्याच्या आधी कळायचं. लोक म्हणायचे, ह्याला इंजिनाचाही सूर लागतो. लोक म्हणाले ते मी खरं धरलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

सन ऐंशीच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. खालापूरच्या बाजूला हमरस्त्याला लागून एक लाकडाची वखार होती. तिचे मालक आमच्या लांबच्या भावकीतले. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही म्हणायचो. बांधावरची, परसातली, वाऱ्यानं पडलेली झाडं विकत घ्यायची, वखारीत आणून ओंडके पाडायचे आणि पुढे गिरणीला पाठवायचे, असा त्यांचा धंदा. ओंडके पाडायला दोन माणसांची लांब करवत असायची. एकानं ओढायची, दुसऱ्यानं सोडायची. चिंचेचा जाड बुंधा असला की एका कापाला अर्धा दिवस जायचा.

शेठचा पुतण्या आखातात नोकरीला होता. तो सुट्टीवर येताना पेट्रोलवर चालणारी चेनची करवत घेऊन आला. नवी कोरी, नारिंगी रंगाची, खोक्यात फोमसकट. तशी वस्तू आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. नारळ फुटला, तिच्या पात्याला हळद-कुंकू लागलं. मग मुंबईच्या एका दुकानातून माणूस बोलावला. त्यानं एक दिवस राहून ती जोडली, कार्बोरेटर लावून दिला आणि ती कशी धरायची, पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं, हे सगळं शिकवलं.

शिकायला शेठनी ज्यांना पुढे केलं ते वखारीत तीन वर्षांपासून करवत ओढणारे गृहस्थ होते. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आज लिहिताना मी त्यांना ‘ते’ म्हणतोय. त्या दिवसांत मी त्यांना अरे-तुरे करत होतो. ते बौद्धवस्तीतले होते आणि आमच्या घरात मोठ्यांकडून लहानांकडे ही सवय न बोलता आलेली होती. त्याबद्दल मला त्या काळी काहीच वाटत नव्हतं, हेही लिहून टाकतो.

शेठनी त्यांना निवडलं ते वहीमुळे. त्याआधी ते रसायनीच्या एका कारखान्यात बॉयलरवर हंगामी कामाला होते. तिथे दर तासाला काट्यांवरचे आकडे बघून वहीत लिहायचं काम असे. कारखान्यातलं काम सुटलं, वहीची सवय सुटली नाही. मुंबईचा माणूस जे जे बोलला ते त्यांनी पेन्सिलीनं लिहून घेतलं. तेल मोजायला औषधाची रिकामी बाटली घेतली, तिच्यावर रेघ मारली आणि रोज सकाळी सगळ्यांसमोर डबा हलवून पेट्रोल तयार करू लागले. त्यांच्या वस्तीत त्यांना लोक मशीनवाले म्हणू लागले. मुलीच्या शाळेच्या कागदावर वडिलांच्या धंद्यापुढे आजवर मजूर लिहिलं जायचं, तिथं आता दुसरं काहीतरी लिहिता येईल, असं ते एकदा वखारीत म्हणाले होते. हे मी स्वतःच्या कानानं ऐकलं होतं.

मशीन आल्याला आठवडा झाला असेल. शेठचा निरोप आला, ये आणि जरा बघ. मी मोटारसायकल काढून पळसदरीवरून तिकडे गेलो. वखारीत सगळे जमलेच होते. मशीनवाल्यांनी दोरी ओढून मशीन चालू केलं आणि पूर्ण रेस दिली. मशीन चालत होतं, पण आवाज घोगरा होता. धूरही थोडा जास्त वाटत होता.

“म्हशीला खोकला झाल्यावानी करते,” ओंडके वाहणारा एक गडी म्हणाला.

दुसरा म्हणाला, “शेठ, दुबईची हाय ना नक्की? का डोंबिवलीची?”

सगळे हसले. शेठ हसले नाहीत. पुतण्यानं एवढ्या लांबून आणलेल्या वस्तूला लोकांनी हसावं, हे त्यांना लागलं होतं. ते मला म्हणाले, “तुझा कान हाय ना? ऐक आणि साफ कर. जोर वाढला पायजे.”

मी कार्बोरेटर बघितला. त्याला दोन बारीक स्क्रू होते. एक मंद चालीचा, एक पूर्ण रेसचा. स्क्रू आत घेतला की पेट्रोल कमी होतं आणि हवेचा वाटा वाढतो, बाहेर घेतला की उलट. हे मला माहीत होतं. मी स्क्रूड्रायव्हर काढला तसे मशीनवाले पुढे आले.

“मिस्त्री, मोकळी असताना ती घोगरीच बोलनार. लाकडात शिरली की आवाज साफ व्हतो. त्या मानसानं सांगितलंय. वहीत लिवलंय मी.”

“अरे, वहीत बघून इंजिन कळतं का?” मी म्हणालो. “कान दे, कान.”

लोक पुन्हा हसले. ह्या वेळी शेठही हसले.

इथे माझी चूक काय होती ते सांगितलं पाहिजे, कारण ती चूक माझ्यासारखाच माणूस करू शकला असता. स्कूटरच्या कार्बोरेटरला जो स्क्रू असतो तो गाडी उभी असतानाच्या मंद चालीपुरता असतो. पूर्ण रेसला पेट्रोल येतं ते आतल्या पितळी जेटमधून. त्या जेटचं भोक कारखान्यातून ठरून आलेलं असतं, बाहेरून त्याला कोणी हात लावू शकत नाही. त्यामुळे स्क्रू पिळून मी कितीही खणखणीत आवाज काढला तरी इंजिनाला पूर्ण रेसला पेट्रोल मिळतच राहायचं. दहा वर्षं मी आवाज साफ करत होतो आणि एकही इंजिन बिघडलं नव्हतं. ते माझ्या कानाचं पुण्य नव्हतं, त्या जेटचं होतं. ह्या मशीनला तसं ठरलेलं भोक नव्हतं. पूर्ण रेसचं सगळं पेट्रोल त्या एका स्क्रूवरच होतं. आणि पेट्रोलबरोबरच तेल येत असल्यानं पेट्रोल कमी केलं की तेलही कमी होणार होतं. मशीन मोकळं फिरताना घोगरं बोलतं, ते त्याला पोटभर मिळतंय म्हणून. मी ते ऐकून उपाशी केलं.

मी तो स्क्रू हळूहळू आत घेतला. अर्धा फेरा. घोगरेपणा गेला आणि मशीन एकदम उंच, पातळ, धारदार आवाजात किंचाळायला लागलं. भजनात सम गाठल्यावर माना डोलतात तशा वखारीत माना डोलल्या. एका आंब्याच्या फांदीवर लावून बघितलं तर पातं लोण्यातून गेल्यासारखं गेलं.

“आता कशी बोलली!” शेठ म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

मशीनवाले मात्र खाली वाकून स्क्रूची खाच कुठे आली ते बघत होते. मग त्यांनी खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं.

“आता काय लिहितोस?”

“काय नाय. किती फिरला ते.”

चौथ्या दिवशी दुपारी शेठचा टेंपो गॅरेजपुढे उभा राहिला. पुढे शेठ, मागे हौद्यात मशीन आणि मशीनजवळ ते. भर उन्हाळा होता. चिंचेच्या जाड बुंध्यात अर्ध्यावर गेल्यावर मशीनचा आवाज आणखी चढला आणि मग ते एकदम थांबलं. दोरी हलेना.

मी मशीन बाकड्यावर घेतलं आणि प्लग खोलला. दोन स्ट्रोकच्या चांगल्या इंजिनाचा प्लग चहाच्या रंगाचा असतो. हा खडूसारखा पांढराफटक होता, उपाशी जळालेल्या इंजिनाचा. त्या क्षणी मला सगळं समजलं. मागून शेठ बोलत होते, पण मला फक्त माझ्या हातातला तो पांढरा प्लग दिसत होता. मी सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली. पिस्टन एका अंगाला खरवडून सिलिंडरला चिकटला होता.

“तेल घालायला विसरला असनार हा,” शेठ म्हणाले.

“शेठ, तेल मी रोज मोजून…”

“तू गप रं. मिस्त्री, तू सांग. तेल नसलं की असं व्हतं का?”

मी हात पुसत होतो. हात खूप वेळ पुसले. मग म्हणालो, “होऊ शकतं.”

मी खोटं बोललो नाही, असं पुढचे तीन आठवडे मी स्वतःला सांगत होतो. तेल नसलं की असं होऊ शकतं, हे खरंच आहे. पण शेठनी मला काय विचारलं होतं आणि मी कशाचं उत्तर दिलं होतं, हे आम्हा तिघांपैकी दोघांना तरी नक्की कळत होतं. मशीनवाले टेंपोत चढून मशीन जिथं होतं त्या रिकाम्या जागेशेजारी बसले.

ते गेल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. स्क्रू अर्धा फेरा बाहेर घेऊन होता तसा केला. पांढरा प्लग गटारात टाकला आणि त्याच्या जागी एक जुना काळा प्लग लावून ठेवला. कुणी विचारायला येणार नव्हतं. तरी केली.

पिस्टन मुंबईहून यायचा होता. तेवढे दिवस मशीन माझ्या बाकड्यावर पोत्याखाली होतं आणि ते वखारीत पुन्हा हातकरवत ओढत होते. शेठनी माझ्यादेखत सर्वांसमोर सांगून टाकलं होतं की पिस्टन आला तरी मशीन पुन्हा ह्याच्या हातात द्यायचं नाही. एकदा मी चिंचेचा तो बुंधा बघायला गेलो. दुपारची सुट्टी होती. ते हौदावर तोंड धूत होते, केसांवरून ओला हात फिरवत होते. ओंडके वाहणारा तो गडी ओरडला, “डोक्याला तरी तेल घातलंस का रं मशीनवाल्या?”

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला ‘होऊ शकतं’पेक्षा जास्त लाज वाटते.

शेठनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “पिस्टन बसला की तूच ये. आठवड्यातून तीन दिवस. तुला इंजिन कळतं. ह्या लोकांच्या हातात वस्तू दिली की असंच व्हनार.”

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. परत येताना पळसदरीच्या पुढे मी मोटारसायकल उभी केली आणि बराच वेळ रस्त्याकडेला बसलो. ‘ह्या लोकांच्या’ हे शब्द डोक्यात फिरत होते. मला तोवर वाटत होतं की शेठनी माझ्यावर विश्वास ठेवला तो माझ्या कानामुळे. तसं नव्हतं. मी ‘होऊ शकतं’ म्हणालो नसतो तरी शेठनी त्यांनाच दोषी धरलं असतं. वखारीतल्या एकानंही म्हटलं नव्हतं की अरे, तो रोज आमच्यासमोर तेल मोजतो, आम्ही बघतो. सगळ्यांनी बघितलं होतं. मला फक्त शेठना अडवायचं नव्हतं, एवढंच काम होतं, आणि ते मी फार सोप्यानं केलं.

घरी बायको म्हणाली, “भजनात तुमचा हात चुकतोय म्हणे. बरं नाही का?”

मी म्हणालो, उष्णता आहे.

पिस्टन आला. सिलिंडरला फारसं काही झालं नव्हतं, घासून गुळगुळीत केला. दोन दिवस खपून इंजिन बसवलं. आणि मग स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तर माझा हात थांबला. मला माझ्या कानाची भीती वाटली. चुकून पुन्हा उपाशी केलं तर हाही पिस्टन जाईल. मुंबईच्या माणसानं नक्की किती फेरे सोडले होते? गडबडीत मी जो अर्धा फेरा परत केला तो अर्धाच होता का? हे कळण्याची कर्जत-खालापुरात एकच जागा होती. ती वही.

रविवारी सकाळी मी त्यांच्या वस्तीवर गेलो. घर छोटं, पुढे सारवलेलं अंगण. त्यांची बायको तांदूळ निवडत होती. मला बघून ती उठली नाही.

“मशीनवाले आहेत का?” मी विचारलं.

“मशीनवाले तुमी. हे काय आता मशीनवाले नाय,” ती म्हणाली. “आता काय ऱ्हायलंय न्यायचं?”

ते आतून आले. तिला “गप गं” म्हणाले आणि माझ्यासाठी घोंगडी टाकली. मी वही मागितली. कशाला म्हणून त्यांनी विचारलं नाही. आत जाऊन घेऊन आले.

शाळेची शंभर पानी वही होती. मुंबईच्या माणसाचं सगळं शिक्षण त्यात ओळीनं होतं. मंद चालीचा स्क्रू पूर्ण आत घेऊन एक फेरा बाहेर. रेसचा स्क्रू पूर्ण आत घेऊन सव्वा फेरा बाहेर. पुढे लिहिलं होतं, मोकळी असताना घोगरी, लाकडात साफ, तर बरोबर. मोकळी असतानाच साफ, तर धोका. त्याच्याखाली रोजच्या नोंदी होत्या. पेट्रोल इतकं, तेल रेघेपर्यंत, कोणतं लाकूड. मग एका दिवसाची ओळ: रेसचा स्क्रू मिस्त्रींनी अर्धा फेरा आत घेतला, आता पाऊण. पुढच्या चार दिवसांच्या नोंदी तशाच. तेल रेघेपर्यंत. तेल रेघेपर्यंत. तेल रेघेपर्यंत. तेल रेघेपर्यंत, चिंच.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

“हे तुम्ही शेठना का दाखवलं नाही?” मी विचारलं. त्यांना तुम्ही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. आम्हा दोघांनाही ते जाणवलं.

“दाखवून काय झालं असतं? शेठ तुमाला इचारनार. तुमी म्हननार, व्हऊ शकतं.”

त्यांनी ते माझ्यासारखंच म्हटलं, हात पुसल्यासारखं करून. त्यांची बायको फिस्सकन हसली आणि लगेच तोंड फिरवून घेतलं.

“प्लग तुमी हातात फिरवत व्हता तवाच मी बघितला,” ते म्हणाले. “पांढरा व्हता.”

 मी अंगणाकडे बघत बसलो. त्यांची बायको उठून आत गेली आणि चहा घेऊन आली. मी तो घेतला. आमच्या घरचं कोणी त्या वस्तीत बसून कधी चहा प्यालेलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि अशा वेळीसुद्धा ते लक्षात आलं याचीही लाज वाटली.

“उद्या मी सगळ्यांपुढे सांगतो,” मी म्हणालो.

“सांगा नायतर नका सांगू. ते तुमचं तुमी बघा.” त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. “पन मशीनला परत तसं करू नका. तिचा काय दोस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकलच्या मागे मशीन बांधून वखारीत गेलो.  घाबरून परत फिरू नये म्हणून मी वाटेत एकदाही थांबलो नाही. शेठ खाटेवर बसले होते, गडी कामाला लागत होते, ते हातकरवतीला धार लावत होते. मी मशीन ओंडक्यावर ठेवलं आणि आवाज चढवून म्हणालो की मला सगळ्यांशी बोलायचंय. मग बोललो. तेल बरोबर होतं. मी स्क्रू आत घेतला म्हणून इंजिन तापून जाम झालं. प्लग खोलला तेव्हाच मला कळलं होतं. मी बोललो नाही. वही उघडून मी ती ओळ वाचून दाखवली आणि खालच्या चार ओळीही वाचल्या.

 मग शेठ म्हणाले, “तवा काय मिठाची गुळणी धरली व्हतीस?”

“हो,” मी म्हणालो.

“आणि आता सगळ्यांम्होरं कशाला? आत येऊन मला सांगायचं ना!”

“दोष तुम्ही सगळ्यांपुढेच दिला होता, शेठ. मी तिथंच उभा होतो.”

शेठचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता मारतात. पण ते पाय हलवत बसले. मग हातकरवतीकडे न बघता म्हणाले, “जा रं. घे तुझं मशीन.”

एवढंच. चुकलं, असं शेठ तेव्हाही म्हणाले नाहीत आणि पुढेही कधी नाही.

मशीनवाले लगेच उठले नाहीत. कानस बाजूला ठेवली आणि विचारलं, “शेठ, आधी एक सांगा. स्क्रूला हात कोन लावनार?”

“तूच लाव.”

“दुसऱ्या कोनाला लावायचा असला तर?”

“तर तुला इचारून!” शेठ खेकसले. “आता उठतोस का?”

ओंडके वाहणारा गडी म्हणाला, “आता मिस्त्रीच्या डोक्यावर तेल वता रं कोनीतरी.” सगळे मोठ्यानं हसले. मीही हसलो, पण ह्या वेळी हसण्याचा मला अधिकार होता. ते हसणं माझ्यावरच होतं.

त्यांनी बाटलीतून रेघेपर्यंत तेल मोजून डबा हलवला. पेट्रोल भरलं. दोन्ही स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत टेकवले आणि बोटांनी मोजत बाहेर घेतले, एक आणि सव्वा. दोरी तीनदा ओढल्यावर मशीन चालू झालं. थोडं गरम होऊ दिलं. मग पूर्ण रेस दिली आणि मशीन तसंच घोगरं बोललं, म्हशीला खोकला झाल्यासारखं. ह्या वेळी कोणी काही म्हणालं नाही. त्यांनी पातं आंब्याच्या ओंडक्यावर टेकवलं. लाकडात शिरताक्षणी आवाज बदलला, भरीव झाला, एका सुरात आला. भुसा ओंजळ-ओंजळ त्यांच्या पायाशी पडू लागला. काप पूर्ण झाला, पातं बाहेर आलं आणि मशीन पुन्हा घोगरं झालं.

“मिस्त्री, इकडं या,” त्यांनी हाक मारली. “आता तुमी फिरवा. थोडाच, आत.”

मी नको म्हणत होतो. त्यांनी माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिलाच. मी किंचित आत घेतला. मोकळ्या रेसला आवाज साफ, उंच झाला. महिन्याभरापूर्वी ह्याच आवाजावर मी खूष झालो होतो.

“आयकला? ह्यो धोका,” ते म्हणाले. “आता परत. आता लाकडात. आयका.”

तीन वेळा त्यांनी मला आत-बाहेर करायला लावलं. तिसऱ्या वेळी मला फरक नीट ऐकू आला. चांगल्या कानाचा म्हणवणारा मी तेव्हा पहिल्यांदा एखादं इंजिन कामात असताना ऐकून स्क्रू लावत होतो. एरवी मी गाडी उभी ठेवूनच स्क्रू पिळत आलो होतो.

त्यानंतर बरीच वर्षं मशीन त्यांच्याच हातात होतं. आमची दोस्ती झाली, असं म्हणणं खोटं होईल. प्लग न्यायला गॅरेजवर यायचे तेव्हा आत बाकड्यावर बसायचे, आणि मी त्यांना दादा म्हणायचो. ते मला शेवटपर्यंत मिस्त्रीच म्हणाले. एकदा त्यांनी हसत विचारलं, त्या पांढऱ्या प्लगचं काय केलंत? मी खरं सांगितलं. ते म्हणाले, “गटारात कशाला? चांगला प्लग व्हता.” शेठना ती प्लगची गोष्ट मी कधीच सांगितली नाही. ती आज इथे लिहून टाकली.

त्या सोमवारी वखारीतून निघालो तेव्हा दहासुद्धा वाजले नव्हते. मोटारसायकलवर मागे काही बांधलेलं नव्हतं आणि माझ्या खांद्यांनाही ते कळत होतं. पळसदरीच्या धरणाशी थांबून मी हातपाय धुतले, ओंजळीनं पाणी डोक्यावर घेतलं. गॅरेजवर दोन स्कूटरी वाट बघत उभ्या होत्या. मी त्यांच्या मालकांना म्हणालो, संध्याकाळी या. तीन आठवडे मला धड झोप नव्हती. पत्रा तापलेला होता, रस्त्यावर एसट्या हॉर्न वाजवत होत्या, आणि मी त्या अरुंद बाकड्यावर आडवा झालो.

जागा झालो तेव्हा बायको डबा घेऊन उभी होती आणि मला हलवत होती. “अहो, किती घोरता! नाक्यापर्यंत आवाज येतोय,” ती म्हणाली. मी उठून बसलो आणि डबा उघडला. खूप भूक लागली होती. जेवता जेवता मी तिला सांगायला लागलो.